कार्डावरच्या चुली

मुंबईतल्या रोजच्या हॉटेलांबद्दल लिहिणं हे माझं काम आहे. रोजची म्हणजे पंचतारांकित नव्हेत आणि नाक्यावरच्या गाड्याही नव्हेत. टेबल-खुर्ची आहे, बसल्याबरोबर पाण्याचा ग्लास येतो, पगारदार घराला महिन्यातून एक-दोनदा सहकुटुंब जाणं परवडतं, अशी हॉटेलं. या कामात चव, स्वच्छता, दर, वेटरचं वागणं, टेबल पुसायचं फडकं, सगळ्याकडे लक्ष द्यावं लागतं. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट जेवण येण्याआधीच समोर ठेवलेली असते, ती म्हणजे मेन्यूकार्ड. आपल्या शहरातल्या बहुतेक हॉटेलांचं जेवण सुमार होतं त्याचं खापर आपण आचाऱ्याच्या हातावर नाहीतर मालकाच्या लोभावर फोडतो. माझं मत वेगळं आहे. एका भटारखान्याला जेवढ्या चुली नीट सांभाळता येतात, त्याच्या तिप्पट-चौपट चुलींचं काम कार्डानं कबूल केलेलं असतं, आणि जेवण तिथेच बिघडतं. खाणाऱ्यानं हॉटेलाबद्दल मत बनवताना आधी हे कबूल केलेलं काम मोजावं.

उपनगरातल्या मोठ्या रस्त्यावरच्या कुठल्याही ‘फॅमिली रेस्टॉरंट’चं कार्ड उघडून पाहा. सूप, स्टार्टर, तंदूर, पंजाबी भाज्या, बिर्याणी-पुलाव, चायनीज, इडली-डोसा, पावभाजी, सँडविच, पिझ्झा, सिझलर, ज्यूस, फालुदा. पदार्थ दोनशेच्या पुढे सहज जातात. हे सगळं ज्या जागेत शिजतं ती जागा बऱ्याचदा बसायच्या जागेच्या निम्मीही नसते, कारण मुंबईत गिऱ्हाईक न बसवणारा प्रत्येक चौरस फूट मालकाला खर्चातच दिसतो. एवढ्याशा जागेत दोनशे पदार्थ द्यायचे तर मार्ग एकच. सकाळी ग्रेव्ह्या करून ठेवायच्या: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, कांदा-हळदीची पिवळी, पालकाची हिरवी. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल किंवा बटर, वर दीड पळी ग्रेव्ही, उकडून ठेवलेल्या भाज्या नाहीतर पनीरचे तुकडे, चिमूटभर मसाला आणि क्रीमची धार. लाल ग्रेव्हीत तिखट वाढवलं की व्हेज कोल्हापुरी. लालमध्ये पांढरी मिसळून थोडी साखर घातली की पनीर बटर मसाला. सिमला मिरचीचे मोठे तुकडे आणि भरडलेले धणे पडले की कढाई, वर पापड आला की व्हेज जयपुरी. पूर्वतयारी करून ठेवण्यात फसवणूक काहीच नाही, ती कुठल्याही धंदेवाईक भटारखान्याला करावीच लागते. पण इथे भाजी आणि रस्सा एकत्र शिजतच नाहीत. फरसबी, गाजर आणि मटार त्या लाल रश्श्यात जेमतेम पाच मिनिटं असतात, त्यांची चव रश्श्यात उतरत नाही आणि रश्श्याची त्यांच्यात मुरत नाही. म्हणून चार वेगवेगळ्या नावांच्या भाज्या मागवल्या तरी पोळी कुठल्याही वाटीत बुडवा, जिभेवर तोच काजू-टोमॅटोचा गोडसरपणा येतो. बिल मात्र चार भाज्यांचं असतं.

व्हेज कोल्हापुरी हा या प्रकाराचा चांगला पुरावा आहे. कोल्हापूरची ओळख तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, झणझणीत कट घातलेली मिसळ आणि घरोघरी वर्षभरासाठी कुटलेली कांदा-लसूण चटणी यांनी झालेली आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची ती लाल, तेलकट, फ्लॉवर-मटाराची भाजी तिथल्या घरात रांधली जात नाही. कोल्हापूर हे नाव कार्डावर केवळ तिखटाचं माप म्हणून आलेलं आहे. चायनीजचंही असंच झालं. मंचुरियनचं श्रेय सर्वसाधारणपणे नेल्सन वांग यांना दिलं जातं. १९७५च्या सुमारास मुंबईतल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र आणून त्यांनी हा पदार्थ केला. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी बेसन, ओवा आणि तिखटात घोळवून मासळी तळायला सुरुवात केली, आणि त्या वस्तीचं नाव ‘कोळीवाडा’ म्हणून देशभरच्या कार्डांवर गेलं. ही उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात ती एवढ्यासाठी, की या शहरात बाहेरून आलेल्या किंवा इथे नव्यानं घडलेल्या पदार्थांबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मुंबईचं खाणंच त्यातून झालेलं आहे. यातला प्रत्येक पदार्थ सुरुवातीला कुणाच्या तरी स्वतःच्या चुलीवर, त्या चुलीची समज असलेल्या माणसाच्या हातून झाला. पुढे उडुपी हॉटेलांनी तंदूर बसवला, मग चायनीजची मोठी शेगडी आणली, मग सँडविचचा टोस्टर, मग पिझ्झाचा ओव्हन. प्रत्येक वेळी कार्डाला एक पान वाढलं, पण भटारखान्याची भिंत होती तिथेच राहिली.

याच्या उलट बाजूचा पुरावा माटुंग्यात आहे. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० सालचं, स्टेशनाजवळचं राम आश्रय १९३९चं, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. इथे कुणी म्हणेल की या हॉटेलांचीही कार्डं काही एवढीशी नाहीत; कॅफे मद्रासमध्ये डोशांचेच कितीतरी प्रकार मिळतात. खरं आहे, आणि म्हणूनच मी पदार्थ मोजू नका, चुली मोजा म्हणते. इडली, डोसा, उत्तप्पा हे सगळे तांदूळ आणि उडदाच्या आंबवलेल्या पिठाचे. मेदूवडा एकदा तळला की तोच सांबारात, रस्समात किंवा दह्यात बुडतो. चटणी एक, सांबार एक. पदार्थ चाळीस असले तरी त्यामागची विद्या एकच आहे: पीठ किती आंबलं हे ओळखणं, तवा किती तापला हे ओळखणं, सांबारात चिंच आणि गूळ कुठे थांबवायचे हे ओळखणं. या एका विद्येत भटारखान्यातला प्रत्येक माणूस दिवसभर हात घोळवत असतो. सकाळी सहाला केलेली चटणी दहापर्यंत संपते आणि दुसरी वाटावी लागते. ताजेपणासाठी तिथे कुणाला वेगळा आग्रह धरावा लागत नाही, खपच तो सांभाळतो. ताडदेवचं १९६३पासूनचं स्वाती स्नॅक्स पानकी, दाल ढोकळी, सेव खमणी असं गुजराती घरातलं खाणं देतं आणि त्या घराबाहेर फारसं जात नाही. बॅलार्ड इस्टेटचं १९२३चं ब्रिटानिया मुख्यतः दुपारच्या जेवणापुरतं उघडतं आणि तिथे माणसं बेरी पुलाव आणि धानसाकसाठी जातात. भेंडीबाजारात नळी निहारी देणारी हॉटेलं रात्रभर मंद आचेवर एकच हंडी ठेवतात. धर्म, भाषा, दर, गिऱ्हाईक सगळंच वेगळं असलेल्या या ठिकाणांमध्ये सामाईक एवढंच आहे की प्रत्येकाला आपली चूल कुठली हे माहीत आहे.

लांब कार्डाचा दुसरा तोटा चवीपेक्षा गंभीर आहे, तो मालाच्या ताजेपणाचा. दोनशे पदार्थांपैकी रोज खपतात फार थोडे. बाकीचे कुणीतरी कधीतरी मागेल म्हणून तयार ठेवावे लागतात, म्हणजे त्यांचा माल डीप फ्रीजरमध्ये पडून असतो. मालवणी हॉटेलात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, मासळीच्या विणीचा तो काळ. त्या दोन महिन्यांत ज्या हॉटेलात पापलेट, सुरमई, रावस, हलवा सगळं नेहमीसारखंच मिळतं, तिथली मासळी बर्फातली किंवा लांबून आलेली असणार हे समजायला मासळीबाजारात जावं लागत नाही. याच दिवसांत एखादी लहान खानावळ फळ्यावर फक्त सुका बोंबील, जवळा आणि अंड्याचा रस्सा लिहिते, तेव्हा ती गिऱ्हाईक गमावत असते, पण बाकी दहा महिने तिच्या सुरमईवर विश्वास ठेवायला ती मला कारण देते. २०२३ साली पापलेटला राज्यमासा जाहीर केलं ते त्याची संख्या घटत चालल्याच्या काळजीतून. अशा वेळी पापलेट बारा महिने कार्डावर छापलेला असणं मला चवीच्याही पलीकडे खटकतं. शाकाहारी हॉटेलात मासळीची जागा पनीर घेतं. वनस्पती तेलापासून केलेलं, पनीरसारखं दिसणारं ‘ॲनालॉग’ स्वस्त पडतं. त्याला पनीर म्हणून विकता येत नाही आणि पाकिटावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. पण मखनी ग्रेव्हीतून पाकीट टेबलावर येत नाही. ज्या कार्डाची तीन पानं पनीरवर उभी आहेत, तिथे मोह मोठा असतो. ज्या जागी पनीरचे दोनच पदार्थ आहेत, तिथे तो कमी असतो, आणि खाणाऱ्यालाही फरक ओळखणं सोपं जातं: साधी पनीर भुर्जी मागवावी, तिथे लपायला ग्रेव्ही नसते.

आता यावरचे आक्षेप. पहिला आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप कुटुंबाचा आहे. आजीला रात्री हलकं म्हणून इडली हवी, वडिलांना तंदुरी रोटी आणि दाल, शाळकरी मुलांना हक्का नूडल्स, आणि सोबत आलेल्या मावशी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. ही सगळी माणसं एका टेबलावर, एका बिलात, कुणावरही आपली आवड न लादता जेवू शकतात, हे काम माटुंग्याचं राम आश्रय करू शकत नाही. लांब कार्डाच्या हॉटेलानं ते केलं आणि चाळीस-पन्नास वर्षं केलं. जिथे बाईमाणसानं हॉटेलात जाणंच एके काळी विचारात घेण्याची बाब होती, तिथे या ‘फॅमिली’ हॉटेलांनी अख्ख्या घराला बाहेर जेवायची सवय लावली. वाढदिवस, निकाल, पहिला पगार, बघायला आलेले पाहुणे, सगळं तिथे पार पडलं. हे मोल मी कमी लेखत नाही, आणि जो खवय्या ते कमी लेखतो त्याला शहराचं जेवण कळलेलं नाही असं मी म्हणेन. पण हे मोल एकत्र बसण्याचं आहे, आणि ते पदार्थाच्या खात्यात जमा करता येणार नाही. अशा हॉटेलाबद्दल प्रामाणिक मत द्यायचं तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात: सहा जणांना नेण्यासारखं आहे, आणि इथली पनीर हंडी दराच्या मानानं साधारण आहे.

शिवाय लांब कार्डाच्या आतही हॉटेलाची स्वतःची एक चूल बहुतेक वेळा शिल्लक असते, ती शोधता येते. मुंबईतल्या अशा पुष्कळ हॉटेलांचे मालक उडुपी-मंगळूरकडचे आहेत. सकाळी सातला उघडल्यापासून दहापर्यंत तिथला डोशाचा तवा थंड होत नाही, आणि सांबार रात्रीही सकाळच्याच मापानं केलेलं असतं. तंदूर आणि चायनीजचे कारागीर बहुधा वेगळे, पगारावर आलेले, चांगली मागणी आली की दुसऱ्या हॉटेलात जाणारे. त्यामुळे डोसा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि बटर चिकन दर सहा महिन्यांनी बदलतं. तंदूर हीच ज्यांची मूळ चूल, तिथे याच्या उलट. आसपासच्या टेबलांवर संध्याकाळी सातच्या सुमारास काय जातंय हे पाहिलं तरी अंदाज येतो. ‘जैन’ असं वेगळं छापलेलं असेल तर वेटरला सरळ विचारावं की त्यासाठी ग्रेव्ही वेगळी होते का. लाल ग्रेव्हीत कांदा-लसूण आधीच शिजलेला असतो, तो मागाहून काढता येत नाही. या प्रश्नाला न अडखळता उत्तर देणाऱ्या हॉटेलातला भटारखाना आपल्या कामाबद्दल गंभीर आहे असं मी धरून चालते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मालकांच्या बाजूनं येतो. माटुंगा, फोर्ट, गिरगावातल्या जुन्या हॉटेलांपैकी कित्येक पागडीच्या जागेत आहेत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं गोठवलेली भाडी १९९९च्या नव्या कायद्यानंतरही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत फारशी वाढली नाहीत. अंधेरी, मालाड किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आज हॉटेल उघडणारा माणूस लाखांत अनामत आणि दरमहा बाजारभावानं भाडं मोजतो. त्यात १५ नोव्हेंबर २०१७पासून रेस्टॉरंटांना जीएसटी पाच टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट गेलं. म्हणजे दुकानाच्या भाड्यावर, उपकरणांवर, फर्निचरवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. अशा माणसाला सकाळी नाष्टा, दुपारी थाळी, चारला सँडविच-ज्यूस, रात्री पंजाबी-चायनीज असं करून खुर्ची दिवसभर भरलेली ठेवणं भाग आहे, असं हा आक्षेप म्हणतो. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. जुन्या भाड्याच्या हॉटेलातला डोसा आणि नव्या भाड्याच्या हॉटेलातला डोसा यांच्या दरांची तुलना करून दुसऱ्याला लुटारू ठरवणं अन्याय आहे, आणि आम्ही लिहिणारे लोक तो अन्याय सर्रास करतो.

पण भाडं जास्त म्हणून कार्ड लांब, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. बंगळुरूत १९८३ साली जयनगरला कॅफे दर्शिनी निघालं आणि त्यातून अख्ख्या शहरभर उभ्यानं खायच्या दर्शिन्यांची पद्धत पडली. त्यांनी जागेचा प्रश्न खुर्च्या कमी करून सोडवला, कार्ड वाढवून नव्हे. मोजके पदार्थ, कूपन, उघडा भटारखाना, दहा मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. भाड्याचं ओझं गिऱ्हाइकांच्या फेऱ्यांवर पेललं जातं आणि फेऱ्या वेगात व्हायला पदार्थ थोडेच लागतात. आपल्याकडे वडापावाच्या आणि मिसळीच्या नव्या दुकानांनी हेच केलं. ठाण्याच्या मामलेदार मिसळीचं नाव आज किती उपनगरांत लागलं आहे ते पाहावं. लांब कार्डाला स्वतःचा खर्चही असतो, तो मालक सहसा वेगळा मांडत नाहीत. तंदूरवाला वेगळा, चायनीजवाला वेगळा, डोसेवाला वेगळा, त्यांच्या हाताखालचे हेल्पर वेगळे. रात्री टाकून द्यावा लागणारा माल वेगळा. एक कारागीर गावी गेला की कार्डाचं एक पान महिनाभर बंद, तरी ते छापलेलं राहतं आणि दुसऱ्या कुणाकडून तरी कसंबसं भागवलं जातं. तो महिना ज्या गिऱ्हाइकानं भोगला, ते परत येत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं जुन्या हॉटेलांचं कौतुक आहे, त्याला युक्तिवादाचं रूप दिलेलं आहे. या आक्षेपाला मी सावधपणे सामोरी जाते, कारण खाण्यावरच्या मराठी लिखाणात हा दोष खरोखर आहे. पाटीवरचं स्थापना-वर्ष पदार्थ शिजवत नाही. काही जुन्या, छोट्या कार्डाच्या हॉटेलांत आज वाटाण्याच्या उसळीत पाणी जास्त असतं, साबुदाणा वडा दुसऱ्यांदा तळून येतो, वेटर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून ताट संपायच्या आत उचलू पाहतो आणि लोक त्यालाच त्या जागेचा स्वभाव म्हणून कौतुकानं सांगतात. घाईनं उठवणं हा स्वभाव नाही, ती गैरसोय आहे, आणि ज्या दरात ती मिळते तो दर आता फारसा कमीही राहिलेला नाही. पुरस्कारांनीही चव ठरत नाही; दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून फूडी हबचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतरही तिथल्या मिसळीचं माप त्या दिवशीच्या रश्श्यानंच घ्यावं लागतं. हॉटेलही तसं फार जुनं नाही, १९८६चं आहे. छोट्या कार्डाच्या बाजूनं माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे घसरण लपत नाही. मिसळीच्या दुकानात मिसळ बिघडली तर दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसलेल्याला कळतं, कारण विकायला दुसरं काही नाही. दोनशे पदार्थांच्या हॉटेलात एक पान कायमचं बिघडलं तरी बाकीच्या पानांच्या विक्रीत ते झाकून जातं, आणि मालकाला खरोखर पत्ता लागत नाही.

मोबाइलवरून जेवण मागवण्याच्या पद्धतीनं तर हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. तिथे लांब कार्डाचे तुकडे करून त्यांना वेगवेगळी नावं देता येतात. एकाच भटारखान्यातून एका नावानं बिर्याणी निघते, दुसऱ्यानं पराठे, तिसऱ्यानं नूडल्स, चौथ्यानं डाएटचं सॅलड, आणि मागवणाऱ्याला वाटतं की आपण चार कसलेल्या कारागिरांतून निवड करतो आहोत. यावर एक साधा उपाय आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आता बिलावर छापावा लागतो आणि ॲपवर हॉटेलाच्या पानाच्या तळाशीही असतो. दोन नावांखाली एकच क्रमांक किंवा एकच पत्ता दिसला की चूल बहुधा एकच असते. ताऱ्यांच्या मापाबद्दलही असंच. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, ते स्वागतार्ह आहे. पण अभिप्राय शंभर टक्के खरे असले तरी अडचण संपत नाही. कुणी डोशाला पाच तारे दिले, कुणी मंचुरियनला दोन, आणि सरासरी साडेतीन आली. ती ना डोशाबद्दल काही सांगते ना मंचुरियनबद्दल. सरासरी एकाच कामाची काढता येते. कार्ड जितकं लांब, तितका तो आकडा निरुपयोगी.

माझी कामाची पद्धत यातूनच ठरली आहे. बिल स्वतः भरायचं आणि आपण कोण हे सांगायचं नाही, हे तर या कामात गृहीतच आहे. त्याशिवाय शनिवारी रात्री न जाता कामाच्या दिवशी, शक्यतो दुपारी अडीचनंतर जायचं, कारण गर्दी ओसरल्यावर उरलेल्या मालाचं काय करतात ते तेव्हाच दिसतं. कार्डावरचा सर्वांत स्वस्त पदार्थ मागवायचा: साधा डोसा, दाल फ्राय, साधा भात, चहा. महाग पदार्थावर मालकाचंही लक्ष असतं, दाल फ्रायवर फक्त भटारखान्याच्या सवयीचं असतं. आणि निकाल लिहिताना ‘हॉटेल चांगलं’ किंवा ‘वाईट’ असं न लिहिता कुठल्या वेळी, किती दरात, कुठल्या चुलीवरचं, हे सांगायचं. वाचकांना हे कधी कधी कंटाळवाणं वाटतं. त्यांना एक नाव हवं असतं. पण एका वाक्यातल्या शिफारशीवर विसंबून सहा जणांचं कुटुंब वसईहून दादरला येतं, तेव्हा त्यांचा रविवार आणि हजार-दीड हजार रुपये त्या वाक्यावर लागलेले असतात.

या सगळ्या विचारात एक जागा मात्र हॉटेलांवरच्या लिखाणात जवळजवळ येतच नाही, आणि छोट्या कार्डाचा सर्वांत जिवंत नमुना तीच आहे. गिरणगावात कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या खानावळी बायकांनी चालवल्या, त्यांच्याकडे कार्ड नव्हतंच. त्या दिवशी जे रांधलं ते सगळ्यांना. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते सावकारी कर्जात अडकलेल्या या बायकांना संघटित करून, बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १९८२च्या संपानंतर गिरण्या उतरणीला लागल्या आणि खानावळींचं गिऱ्हाईक पांगलं. आज दादर, ठाणे, डोंबिवली, पुण्यात गल्लोगल्ली असलेली पोळी-भाजी केंद्रं तेच काम करतात. दोन सुक्या भाज्या, एक उसळ, आमटी, भात, पोळ्या, मंगळवारी वेगळं, गुरुवारी वेगळं. भाजी त्या दिवशीच्या मंडईनं ठरते, पोळी समोर लाटली जाते, दुपारी दीडला भोपळ्याची भाजी संपली की संपली. नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा, वसतिगृहातल्या मुलांचा आठवडा या केंद्रांवर चालतो. इथल्या जेवणालाही दोष आहेत: तेल कधी जास्त असतं, गरम भाजी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली जाते, आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईंची मजुरी अनेक ठिकाणी पोळीमागे इतकी थोडी असते की त्या दरातल्या स्वस्ताईचं कौतुक करताना हात आखडतो. त्या मजुरीबद्दल, त्या पिशवीबद्दल आणि त्या भोपळ्याबद्दल कुणीतरी नियमितपणे लिहायला हवं. ते लिहिलं जात नाही कारण हॉटेलांवर लिहिणारे आम्ही खुर्ची असलेल्या जागाच मोजतो, आणि खुर्ची असलेल्या जागांमध्ये लांब कार्ड हाच नियम असल्यासारखा दिसत राहतो.